कौटुंबिक अभ्यास शिकायचा आहे? प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

‘मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास’ घ्यावा का, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोन समजुती असतात. पहिली, हे म्हणजे जुनं गृहविज्ञान: स्वयंपाक, शिवण, भरतकाम. दुसरी, हे शिकलं की थेट समुपदेशक होता येतं. दोन्ही समजुती बाजूला ठेवूनच पुढे वाचा. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसा घडतो आणि त्या घडण्यात घराचा, म्हणजे लग्न, पालकत्व, आजारपण, पैसा, भांडण, वाटणी या सगळ्याचा हात किती, याचा शिस्तशीर अभ्यास या विषयात होतो. लहान मुलं, किशोरवयीन, जोडपी, वृद्ध यांच्याबरोबर काम करण्याची तयारी होते. मात्र नर्सिंग केलं की परिचारिका, तसं इथे एक ठरलेलं पद नाही. कोणतं दार उघडेल ते जाहिरातीतल्या ‘शैक्षणिक अर्हता’ या एका ओळीवर ठरतं. म्हणून सुरुवात उलट्या टोकाने करायची.

पायरी १: प्रवेशाआधी जाहिराती वाचा

एक वही घ्या. एका पानावर एक पद. जाहिरातीत जी अर्हता छापली आहे ती शब्दशः उतरवून घ्या, आपल्या मनाने सोपी करू नका. सुरुवातीला ही पदं पाहा.

जिल्हा परिषदेतली अंगणवाडी पर्यवेक्षिका. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत या पदासाठी समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण अशा विषयांतल्या पदवीचा उल्लेख होता आणि पद फक्त महिलांसाठी होतं. वेतनस्तर एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज महाराष्ट्रात या विषयाच्या पदवीधरांना सरकारी नोकरीची सगळ्यात सरळ वाट याच योजनेतून जाते. त्यावरचं बाल विकास प्रकल्प अधिकारी हे पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरलं जातं. तिथे तुमचा विषय अभ्यासाला मदत करतो, निवड मात्र स्पर्धा परीक्षेच्या गुणांवर.

सीबीएसई शाळेतला समुपदेशक. मंडळाच्या २०१८ च्या नियमांत मानसशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, किंवा बालविकासातली पदव्युत्तर पदवी, किंवा कोणतीही पदवी आणि जोडीला करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका, असे पर्याय होते. नीट वाचा: बालविकास चालतो, पण पदव्युत्तर हवा. नुसत्या बी.एस्सी.वर अर्ज करून नकार आला की विद्यार्थी शाळेला दोष देतात. नियम आधीच लिहिलेला असतो.

बाल कल्याण समितीचे सदस्य. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये सदस्यांसाठी जे विषय दिले आहेत त्यांत मानव विकासाचं नाव स्पष्ट आहे. पण सोबत मुलांच्या क्षेत्रातला ७ वर्षांचा अनुभव आणि किमान ३५ वर्षं वय लागतं. हे पहिलं पद नव्हे, पण दहा वर्षांनी कुठे पोचायचं ते आजच वहीत असलेलं बरं.

कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. नाव ऐकून कोणालाही वाटेल की हे पद या विषयासाठीच आहे. जाहिरातींत मात्र भर असतो समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीवर, म्हणजे एमएसडब्ल्यूवर, आणि कौटुंबिक समुपदेशनाच्या अनुभवावर. मुंबई पोलिसांबरोबर टिसने (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने) १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यभर आहे. तिथलं कामही समाजकार्यवाल्यांचंच मानलं जातं.

आणि एक दार बंदच आहे असं समजा: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला स्वतंत्र अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. मानव विकासाच्या पदवीवर मानसिक आजाराचं निदान करता येत नाही, पाटीवर तसं लिहिता तर मुळीच येत नाही.

एवढी पाच-सहा पानं भरली की विषय घ्यायचा की नाही, आणि घेतला तर पुढची पदवी कोणती, हे प्रश्न अर्धे सुटतात.

पायरी २: अभ्यासक्रम नेमका कुठे आहे ते शोधा

‘कौटुंबिक अभ्यास’ एवढंच लिहून शोध घेतलात तर फारसं हाती लागणार नाही. महाराष्ट्रात हा विषय गृहविज्ञान, मानव विकास, सामुदायिक विज्ञान अशा वेगवेगळ्या नावांखाली शिकवला जातो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. कृषी विद्यापीठांतल्या गृहविज्ञान पदवीचं हे नवं नाव. चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स), शेवटच्या वर्षात ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाखाली गावातला आणि संस्थांमधला अनुभव. प्रवेश कृषी पदव्यांच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो, त्यामुळे बारावी विज्ञान आणि त्या वर्षीची सीईटीची माहिती पुस्तिका दोन्ही बघा.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय ही दोन ठळक नावं. नागपुरात लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय, पणजीत गोवा कॉलेज ऑफ होम सायन्स. महाराष्ट्राबाहेर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कौटुंबिक व सामुदायिक विज्ञान विद्याशाखा आहे, तिथे मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. बालविकासाच्या भारतीय मोजपट्ट्यांचा इतिहास बडोद्यातूनच जातो. शून्य ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी भारतभर वापरली जाणारी ‘दासी’ ही विकास मापन श्रेणी प्रमिला फाटक यांनी तिथेच प्रमाणित केली. त्यात कारक विकासाच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ पासूनचं.

मुलग्यांनी एक लक्षात ठेवावं. एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे आणि गृहविज्ञानाची बरीच महाविद्यालयं फक्त मुलींसाठी आहेत. बडोदा, टिस, समाजकार्य महाविद्यालयं ही दारं मुलग्यांना खुली आहेत. आणि मुलग्यांची या क्षेत्राला गरज आहे, हे आम्ही मनापासून सांगतो. वडिलांशी बोलायला, किशोरवयीन मुलग्यांचा गट चालवायला प्रशिक्षित पुरुष फार कमी मिळतात.

पायरी ३: महाविद्यालयात जाऊन पाच प्रश्न विचारा

माहितीपत्रकावरून विभागाची ताकद कळत नाही. प्रत्यक्ष जा आणि विचारा. मानव विकास हे विशेषीकरण यंदा खरोखर सुरू आहे का, की विद्यार्थी कमी म्हणून वर्ग आहारशास्त्राकडे वळवला? विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावर किती? आवारात प्रयोगशाळा बालवाडी आहे का? क्षेत्रकार्याच्या जागा विभाग ठरवतो की विद्यार्थ्याने शोधायच्या? मागच्या दोन तुकड्यांतल्या मुली आज कुठे काम करतात?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रयोगशाळा बालवाडी असेल तर तुम्ही तीच मुलं वर्षभर पाहता, वाढताना पाहता. नसेल तर एखाद्या शाळेत चार दिवस जाऊन ‘निरीक्षण’ उरकलं जातं, आणि विकास म्हणजे काय हे पुस्तकातच राहतं.

श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशेबही समजून घ्या. १ श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण १५ तास वर्गात किंवा ३० तास प्रात्यक्षिकात. म्हणजे ४ श्रेयांकांचं क्षेत्रकार्य १२० तासांचं होतं. वेळापत्रकात तेवढे तास दिसत नसतील तर ते कागदावरच होणार. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथ्या वर्षी ऑनर्स मिळतं. पुढे संशोधनाकडे जायचं असेल तर चौथं वर्ष करा. एमएसडब्ल्यूला जायचं असेल तर तीन वर्षं पुरेत, चौथं वर्ष वाया घालवू नका.

पायरी ४: वर्गात काय शिकवतात आणि कुठे अडतं

पहिल्या दोन वर्षांत विकासाच्या अवस्था येतात: गर्भावस्था, शैशव, बाल्य, किशोरावस्था, प्रौढत्व, वार्धक्य. पियाजे, व्हायगॉट्स्की, एरिकसन यांच्या आठ-आठ ओळी पाठ करून पास होता येतं, पण कामाला उपयोग नाही. प्रत्येक सिद्धांतासमोर आपल्या ओळखीचं एक मूल ठेवा आणि लिहा: हा सिद्धांत या मुलाबद्दल काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही.

कुटुंबाच्या भागात ब्रॉन्फेनब्रेनरची परिसंस्थेची मांडणी (मूल घर, शाळा, समाज अशा थरांत वाढतं), बोवेनचा कुटुंबव्यवस्थेचा विचार आणि ड्यूवॉलच्या कुटुंबजीवनाच्या आठ अवस्था असतात. ड्यूवॉलच्या अवस्था शिका, पण जपून वापरा. लग्न, पहिलं मूल, शाळा, मग मुलं घराबाहेर पडतात आणि नवरा-बायको दोघंच उरतात, अशी ती रचना अमेरिकेतल्या विभक्त कुटुंबावर बेतलेली आहे. आपल्याकडे सून घरात येते, त्याच वेळी धाकट्या दिराची दहावी असते आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशनही. एकाच घरात तीन अवस्था एकदम चालू असतात. परीक्षेत ड्यूवॉल लिहिताना हे दोन वाक्यांत मांडलंत तर चांगला परीक्षक गुण देतो. इरावती कर्व्यांनी भारतीय नातेसंबंधांचं जे काम केलं ते वाचलेलं असेल तर हे मुद्दे आपोआप सुचतात. मराठी विद्यार्थ्याने ते वाचायलाच हवं.

बीड, अहिल्यानगर भागातल्या ऊसतोड कामगारांकडे पाहा. मुकादम माणूस मोजत नाही, ‘कोयता’ मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावावर. त्यामुळे लग्नाचं वय, मुलं आजी-आजोबांकडे राहणं, शाळा सुटणं, या सगळ्याला कामाच्या रचनेतून दिशा मिळते. कौटुंबिक अभ्यास म्हणजे नुसता नात्यांमधल्या भावनांचा अभ्यास नाही, हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

संख्याशास्त्राला घाबरून मुलं हा विषय सोडतात. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी, काय-वर्ग (chi-square) चाचणी एवढं नीट आलं तर पदवीपुरतं भागतं. एक्सेल आधी, एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर नंतर.

पायरी ५: निरीक्षण लिहायला शिका

या विषयाची खरी कमाई इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. अंगणवाडी असो, बालगृह असो की न्यायालय, तुमच्याकडून शेवटी एक कागद मागितला जातो: तुम्ही काय पाहिलंत? त्या कागदावर मुलाचं पुढचं आयुष्य ठरू शकतं.

एका मुलाचं १० मिनिटं निरीक्षण करा. पानाचे दोन रकाने. डावीकडे वेळ आणि जे डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं तेवढंच. उजवीकडे तुमचा अर्थ, आणि तो घरी गेल्यावर भरायचा. डावा रकाना असा दिसतो:

१०.०५ – मुलगी (वय ४ वर्षं २ महिने) ठोकळ्यांच्या टोपलीजवळ बसली. लाल ठोकळा उचलला, परत ठेवला.
१०.०६ – शेजारच्या मुलाकडे पाहिलं. दोन ठोकळे एकावर एक ठेवले. ‘माझं घर मोठं होणार,’ म्हणाली. मुलाने उत्तर दिलं नाही.
१०.०८ – मुलाने तिचा ठोकळा घेतला. मुलीने सेविकेकडे पाहिलं, काही बोलली नाही, दुसरा ठोकळा घेतला.

नवखा विद्यार्थी या जागी लिहितो: ‘मुलगी लाजाळू आणि एकलकोंडी आहे, तिला आत्मविश्वास नाही.’ यात एकही निरीक्षण नाही. ‘लाजाळू’ दिसत नाही, ‘बोलली नाही’ दिसतं. शिवाय ती दुसऱ्या मिनिटाला स्वतःहून बोलली होती, ते या निष्कर्षात गिळलं गेलं. लाजाळू, हट्टी, हुशार, बिघडलेला, चांगल्या घरातला: हे शब्द डाव्या रकान्यात दिसले की पान पुन्हा लिहा. आणि एकाच निरीक्षणावरून काही ठरवू नका. वेगवेगळ्या वेळी किमान तीन तरी हवीत, त्यातलं एक खेळताना, एक जेवताना.

अंगणवाडीत असाल तर मोजमापही शिका. ६ ते ५९ महिन्यांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण आवळलेली नाही. आवळली की घेर कमी येतो आणि धडधाकट मूल यादीत जातं. सैल ठेवली की आजारी मूल यादीतून सुटतं, आणि ही चूक जास्त महागात पडते.

पायरी ६: गृहभेट आणि कुटुंबाचा आराखडा

गृहभेटीला शक्यतो दोघांनी जावं. एक बोलतो, एक टिपतो. ओळखपत्र आणि विभागाचं पत्र जवळ ठेवा, तोंडाने परवानगी घ्या, किती वेळ लागेल ते सांगा आणि तेवढाच घ्या. ४० मिनिटं पुष्कळ झाली. वेळ निवडताना घरचं वेळापत्रक पाहा. नळाला पाणी यायची वेळ असेल तर कोणी बोलणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मराठवाड्यात, विदर्भात बायका दिवस मावळल्यावरच घरी येतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये बीडच्या गावात सर्वेक्षण केलंत तर ऊसतोडीला गेलेली घरं तुमच्या नमुन्यात येणारच नाहीत, आणि तुम्ही लिहाल की या गावात वृद्ध जास्त आहेत.

घरात गेल्यावर सासूबाई बाजूला बसून सुनेची उत्तरं देतात. त्यांना उठवू नका. आधी त्यांचीच मुलाखत घ्या, मनापासून घ्या. त्यांचं बोलून झालं की त्या स्वतः कामाला उठतात आणि सून मोकळी होते.

भेटीतून कुटुंबाचा आराखडा काढतात, त्याला जिनोग्राम म्हणतात. किमान तीन पिढ्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. ज्याच्यासाठी भेट आहे त्याच्या चिन्हाला दुहेरी कड. नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, मध्ये आडवी रेघ. मुलं खाली, थोरलं डावीकडून. मृत व्यक्तीच्या चिन्हावर फुली. विभक्त राहत असतील तर लग्नाच्या रेघेवर एक तिरकी रेघ, घटस्फोट असेल तर दोन. एका छताखाली राहणाऱ्यांभोवती तुटक रेषेचा वेढा.

महाराष्ट्रात हमखास गडबड होते ती मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नात. पुस्तकातल्या नमुन्यात दोन घराणी वेगळी असतात, इथे सासू हीच आत्या निघते. अशा वेळी नवऱ्याची आई आणि बायकोचा बाप यांना वरच्या पिढीत भावंडं म्हणून एकाच रेघेखाली दाखवा आणि त्या जोडप्याची लग्नाची रेघ दुहेरी काढा. सरळ पेनाने काढायला घेतलंत तर रेघा एकमेकींना छेदतात आणि पान फुकट जातं. आधी पेन्सिलने, आजी-आजोबांपासून खाली या. ‘चुलत’, ‘मावस’, ‘मामे’, ‘आते’ हे मराठी शब्दच टिपा. सगळ्यांना नुसतं ‘कझिन’ लिहिलंत तर नातं कोणत्या बाजूचं ते कळतच नाही.

प्रश्नावली वापरणार असाल तर भाषेकडे बघा. पुण्यात बसून केलेलं भाषांतर मेळघाटात चालत नाही, तिथे अनेक घरांत कोरकू बोलतात. आधी पाच-सहा घरी वापरून बघा. जिथे लोक ‘म्हणजे काय?’ विचारतात ते प्रश्न बदला. मग दुसऱ्या माणसाकडून मराठीचं इंग्रजी परत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडा. प्रबंधातली नेहमीची चूक म्हणजे ओळखीच्या ३० जणी गाठून ‘शहरी महिलांचा दृष्टिकोन’ असं शीर्षक देणं. त्या ३० जणी शहरी महिला नसतात, तुमच्या ओळखीच्या असतात. शीर्षक आवरा किंवा नमुना वाढवा.

पायरी ७: कायदा आणि मर्यादा

पहिल्या क्षेत्रकार्याआधी हे तोंडपाठ हवं. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. म्हणून मुलाला ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. असं सांगा: ‘तू सुरक्षित राहावास म्हणून काही गोष्टी मला मोठ्यांना सांगाव्या लागतात. सांगण्याआधी तुला कळवेन.’ मूल बोलू लागलं की खोदून विचारू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पर्यवेक्षकाकडे जा.

गावात बालविवाह ठरल्याचं कानावर आलं तर ग्रामसेवक हा तिथला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. घरगुती हिंसाचारात २००५ च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिलांची मदतवाहिनी, वृद्धांसाठी १४५६७. हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

विद्यार्थ्याने जोडप्याचं समुपदेशन करायचं नसतं, मध्यस्थी तर नाहीच. बाई रडायला लागल्या की सल्ला द्यायची घाई होते. ‘थोडं सांभाळून घ्या’ हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरात ढकलतं. ऐका, सुरक्षित आहात का ते विचारा, योग्य जागी जोडून द्या.

पायरी ८: दुसरी पदवी दारानुसार निवडा

आता जाहिरातींची वही पुन्हा उघडा.

प्राध्यापक व्हायचं असेल तर मानव विकासात एम.एस्सी., ५५ टक्के गुण, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये आपला विषय ‘गृहविज्ञान’, क्रमांक १२. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, एकत्र ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अडचण अशी की दुसऱ्या पेपरात अन्नशास्त्र, पोषण, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन, निवास, विस्तार शिक्षण सगळं येतं. मानव विकासाच्या विद्यार्थिनी आपल्या घटकांत भरपूर गुण मिळवतात आणि धागे, विणी, रंगांच्या प्रश्नांवर अडकतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या वस्त्रशास्त्राच्या आणि पोषणाच्या वह्या रद्दीत घालू नका. पास झाल्यावरही बरीच वर्षं तासिका तत्त्वावर जाण्याची शक्यता मोठी आहे, घरच्यांशी पैशाचं बोलून ठेवा. कनिष्ठ महाविद्यालयात बालविकास शिकवायचा असेल तर एम.एस्सी.बरोबर बी.एड. लागतं.

न्यायालय, पोलीस ठाण्यातला विशेष कक्ष, रुग्णालयातलं सामाजिक कार्य हवं असेल तर एमएसडब्ल्यू. देवनारचं टिस (१९३६), पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय ही जुनी ठिकाणं. टिससाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मानव विकासाची पदवी आणि त्यावर एमएसडब्ल्यू ही जोडी आमच्या मते सगळ्यात उपयोगी आहे: मुलाचं वय आणि विकास तुम्हाला कळतो, यंत्रणा आणि कायदा समाजकार्य शिकवतं.

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा समुपदेशन आणि कौटुंबिक उपचार हा एम.एस्सी. अभ्यासक्रम पाहा. प्रवेशाआधी तुमच्या जवळच्या केंद्रावर प्रात्यक्षिकं होतात का ते विचारा. आकडेवारीत रस असेल तर मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते, १९९२-९३ पासून. घराघरांतून माहिती गोळा करण्याची सवय असलेल्यांना तिथलं शिक्षण सोपं जातं.

सहा महिन्यांच्या ‘समुपदेशन प्रमाणपत्रां’पासून सावध राहा. दोन शनिवार-रविवार ऑनलाइन व्याख्यानं आणि शेवटी सोनेरी काठाचा कागद. आपल्या वहीतल्या कोणत्या जाहिरातीत ते चालतं, एवढंच तपासा.

पायरी ९: पहिली नोकरी

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रकार्यकर्ता अशी पदं असतात. ती कराराची असतात, बहुधा ११ महिन्यांची, नूतनीकरण लांबतं आणि मानधनही. तरी शिकायला यासारखी जागा नाही: वर्षभरात तुम्ही बालगृह, बाल कल्याण समिती, पोलीस ठाणं, दत्तक प्रक्रिया सगळं आतून पाहता. दत्तक संस्थेत गेलात तर इच्छुक पालकांचा गृह अध्ययन अहवाल लिहावा लागतो, आणि वर सांगितलेला दोन रकान्यांचा सराव तिथे थेट कामी येतो.

खासगी क्षेत्रात बालवाड्या, शाळा आणि पाळणाघरं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ती चालवायला बालविकास शिकलेली माणसं लागतात, पण मालक अनेकदा नुसत्या ‘आया’ शोधतात. मुलाखतीत दिवसाचं वेळापत्रक, वयानुसार मुलांमागे किती माणसं, आजारी मुलाबाबतचा नियम असा एक पानी आराखडा घेऊन गेलात तर व्यवस्थापक म्हणून विचार होतो.

मुलाखतीला फाइल न्या: तुमची तीन उत्तम निरीक्षणं, एक जिनोग्राम, एका गटासोबत घेतलेल्या सत्राचा आराखडा आणि त्यानंतर काय बदललंत त्याची टिपणं. त्यातली सगळी नावं, गावं, शाळा, चेहऱ्यांचे फोटो काढून टाका. नुसतं नाव बदलून भागत नाही, ‘सरपंचांची नात’ असं राहिलं तरी ओळख पटते. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो तुमच्या लिखाणाआधी हेच तपासतो.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मानव विकास व कौटुंबिक अभ्यासाची पदवी आहे, पण त्या पदवीने विवाह व कुटुंब उपचारकाचा परवाना मिळत नाही. तो राज्यानुसार असतो आणि त्यासाठी वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम, देखरेखीखालचे तास आणि परीक्षा लागते. कुटुंबजीवन शिक्षकाचं प्रमाणपत्र तिथली राष्ट्रीय कुटुंबसंबंध परिषद देते, ते शिकवण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही. विद्यापीठाला पत्र लिहिताना ‘हा अभ्यासक्रम तुमच्या राज्यात परवान्यासाठी मान्य आहे का’ असा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.